उधारीची वही आणि दुकानाचा सर्व्हर

आमच्या झरी जामणी तालुक्यात पेरणी म्हणजे उधारीचे दिवस. बियाणे-खत आधी न्यायचे, कापूस विकला की पैसे चुकते करायचे. ही उधारी पूर्वी लाल वहीत असे. आता ती बऱ्याच कृषी केंद्रांच्या संगणकात असते. तिथली नोंद गेली, तर शेतकऱ्याने फेडलेली रक्कमही पुन्हा मागितली जाऊ शकते. म्हणून दुकानाच्या मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, कोणती कार्यप्रणाली घालावी, याचा विचार जपून करायला हवा.

व्यापारी मंडळी मला विचारतात, "विंडोज बरे की लिनक्स?" मी उलट विचारतो, "तुमचा हिशेब कशात लिहिता?" टॅली विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे, तिथे लिनक्सचा हट्ट नको. मात्र विंडोज सर्व्हर घेताना तो वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा संगणकाचा सहसा निराळा परवाना लागतो. तो खर्च आधीच मोजा. नुसत्या फाइली एकत्र ठेवायच्या असतील, किंवा बिले ब्राउझरमध्ये होत असतील, तर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सची मोफत रूपे पुरेशी आहेत.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. कार्यप्रणालीला मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक काळच मिळतात. विंडोज सर्व्हर २०१२ च्या नेहमीच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या. सेंटओएस ८ हे लिनक्स २०२९ पर्यंत चालेल असे धरून अनेकांनी घेतले. ते २०२१ अखेरीसच बंद झाले. तेव्हा विकत असो वा फुकट, शेवटची तारीख विचारूनच घ्या.

दुरुस्त्या टाळल्या तर काय होते? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, ते सापडले. चोरीची प्रत वापरणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न अगदी गावचा. ऐन हंगामात सर्व्हर बंद पडला, तर वणी किंवा पांढरकवड्याहून कोण येईल? त्या माणसाला जी प्रणाली येते, तीच तुमच्यासाठी चांगली. कागदावर कितीही सरस असली, तरी दुरुस्त करणारा नसेल तर ती कुचकामी.

शेवटी, प्रणाली कोणतीही घ्या; वीज जाणारच, डिस्क कधीतरी बिघडणारच. यूपीएस बसवा. रोज रात्री हिशेबाची प्रत काढा, एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही, तर ती प्रत नसल्यासारखीच. आणि पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती छापील पावती द्यायला विसरू नका. संगणक रुसला, तरी तिच्यावरून त्याचे खाते पुन्हा मांडता येते.