तापता समुद्र आणि आपली जाळी



या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो. समुद्र आणि हवामानबदल म्हटलं की आपल्याकडची चर्चा पाणी किती चढेल, मुंबईचा कुठला भाग बुडेल, इकडेच वळते. ती चर्चा व्हायलाच हवी. पण पाणी चढायच्या आधी पाण्याच्या आत जे बदलतंय, त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. मला आज त्याविषयी बोलायचं आहे, आणि त्या बदलाच्या काळात आपण जाळी कशी टाकतो त्याविषयी.

माणसाने वातावरणात जी जादा उष्णता कोंडली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढलं. त्याच काळात जगाच्या समुद्राची सरासरी वाढ ०.७ अंश होती. म्हणजे आपला समुद्र इतरांपेक्षा लवकर तापतो आहे. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण बहुतेक माशांच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर चढतं-उतरतं. त्यांची भूक, वाढ, अंडी पिकण्याची वेळ, सगळं त्यावर अवलंबून असतं.

तारलीचं उदाहरण घेऊ. मालवण-गोव्याकडचे पेडवे म्हणजे हीच. तारली जेमतेम दोन-तीन वर्षं जगते आणि पहिल्याच वर्षात अंड्यावर येते. पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, क्षारांनी कसदार झालेलं पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पतींचं पीक उगवतं आणि त्या पिकावर तारलीची पिल्लं वाढतात. हा क्रम एका पावसाळ्यात बिघडला तरी पुढच्या हंगामाचं जाळं रिकामं येतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे केरळात २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची दोन कारणं दिली, आणि माझं सगळं म्हणणं त्या दोन कारणांच्या जोडीवर उभं आहे. पहिलं, २०१५ च्या एल निनोच्या सुमारास समुद्र तापला, तारलीची वाढ खुंटली, अंडी नीट पिकली नाहीत. दुसरं, त्याआधीच्या भरभराटीच्या वर्षांत आपण तिला झेपेल त्यापेक्षा जास्त ओढली होती आणि त्यात लहान मासळीही होती. वाईट वर्ष आलं तेव्हा समुद्रात शिल्लकच उरली नव्हती.

पुढे तारली परतली, केरळची आवक पुन्हा लाख टनांच्या वर गेली. याचा मला मोठा दिलासा वाटतो. ही जात चिवट आहे. १९९४ मध्येही ती अशीच नाहीशी होऊन परत आली होती. १९४० च्या दशकात ती दुर्मीळ झाली, तेव्हा त्या वेळच्या मद्रास सरकारने १९४३ मध्ये लहान आणि अंड्यावरची तारली पकडण्यावर निर्बंध आणले होते. उपग्रह नव्हते, संगणक नव्हते, तरी वाईट वर्षी जाळं आवरावं एवढं त्या प्रशासनाला कळलं होतं.

आता बांगडा. हा मूळचा वरच्या थरातला, थव्याने फिरणारा मासा. १९८५ ते ८९ या काळात एकूण बांगड्यापैकी सुमारे २ टक्के तळाच्या ट्रॉल जाळ्यात मिळायचा. २००३ ते ०७ मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. वरचं पाणी तापलं की बांगडा गारव्याला खाली उतरतो, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात. यात कोणाचं नुकसान होतं ते पाहा. ट्रॉलरला काही फरक पडत नाही, उलट आयता मासा मिळतो. फटका बसतो तो रापणीला. सगळं गाव दोरीला लागून जाळं ओढतं, पण थवा किनाऱ्याच्या उथळ पाण्यात आला तरच त्या ओढण्याला अर्थ. हवामानबदलाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मला रापणकरांकडे बघताना सगळ्यात स्पष्ट दिसतं.

तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय वरचं गरम पाणी हलकं होऊन तरंगत राहतं, खालच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू अगदी कमी असलेल्या, जगातल्या सर्वांत मोठ्या थरांपैकी एक मुळातच आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे गुदमरलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भूखंडमंचावर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर एकाच जागी १९९० च्या दशकापासून वर्षानुवर्षं पाणी मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाजवळचा प्राणवायू काही वेळा संपतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. तळावरची कोळंबी, मासे यांना तेव्हा पळावं लागतं, आणि ते पळून उथळ पाण्यात गोळा होतात. पावसाळी मासेमारीबंदी उठून नौका नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात. त्या दिवसांत एखाद्या पट्ट्यात भरघोस मासळी लागली तर ती समृद्धीची खूण असेलच असं नाही. ती श्वासासाठी एका कोपऱ्यात जमलेली मासळीही असू शकते.

अलीकडे रात्री निळ्या प्रकाशात चमकणाऱ्या लाटांची छायाचित्रं घराघरांत फिरतात, लोक गाड्या काढून किनाऱ्यावर येतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालायची माझी इच्छा नाही. पण हा उजेड बऱ्याचदा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाचा असतो. पाणी भांड्यात घेऊन बघितलं तर साबुदाण्यासारखे, पण टाचणीच्या डोक्याहून बारीक, पारदर्शक गोळे तरंगताना दिसतात. याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात जिवंत शेवाळाच्या पेशी राहतात. त्या पेशी त्याला अन्न तयार करून देतात आणि तो दुसऱ्यांना खातोही. मोकळ्या अरबी समुद्रात हिवाळ्यात याचे प्रचंड पट्टे पसरू लागले आहेत. समुद्रशास्त्रज्ञ हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा विस्तार प्राणवायू घटण्याशी जोडून दाखवला. पुढे त्यांनी आणखी एक धागा मांडला. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचा बर्फ कमी झाला की तिकडून येणारे हिवाळी वारे पुरेसे थंड आणि कोरडे राहत नाहीत, समुद्राचा वरचा थर नीट घुसळला जात नाही आणि खालचे क्षार वर येत नाहीत. मग ज्या सूक्ष्म वनस्पतींवर मासळीची साखळी उभी आहे त्या मागे पडतात. नॉक्टिल्युकाला खाणारे थोडेच, त्यात जेलीफिश पुढे. हिमालयातला बर्फ आणि कोकणातलं ताट यांच्यात इतकं जवळचं नातं असेल, हे मला आजही थक्क करतं.

प्रवाळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र सत्र आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांना १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे एकामागून एक उष्णतेचे तडाखे बसले. सावरायला मिळणारा काळ आखूड होत गेला, ही खरी अडचण आहे. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. उष्णतेचा परिणाम किनाऱ्यावरही होतो: वेळासच्या वाळूत कासवाचं पिल्लू नर निघणार की मादी, हे घरट्याच्या उबेवर ठरतं, आणि वाळू तापली की माद्याच जास्त निघतात.

आणि बोंबील. वसई, अर्नाळा, उत्तनकडे जाऊन मासळी सुकवायच्या वलांडीपाशी उभे राहा. जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर टांगलेले बोंबील, खाली चटया, आणि उन्हाकडे डोळे लावून बसलेल्या बायका. कडक ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत माल तयार. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळीची एक सर आली की दोरीवरचा सगळा माल मऊ पडतो, त्याला बुरशी धरते, आणि तो खताच्या भावाने विकावा लागतो. अरबी समुद्रात वादळं वाढली आहेत. २०१९ चं क्यार, जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते आपल्याला विसरता येणार नाहीत. वादळात मोडलेल्या नौकेचा निदान पंचनामा होतो. वलांडीवर कुजलेल्या बोंबलाचा सहसा होत नाही, कारण तो ना पीक, ना नौका. २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्या दर्जाला अर्थ असेल तर सुकवणाऱ्या बाईचं नुकसानही नुकसान म्हणून मोजलं गेलं पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. बंदरावर बसलं की दोन बाजू ऐकू येतात. मोठ्या नौकांचे मालक म्हणतात, मासा गेला तो हवामानामुळे, आम्हाला दोष देऊ नका. दुसरी बाजू म्हणते, हवामान ही सबब आहे, मासा संपवला तो पर्ससीन जाळ्यांनी आणि मासे ओढणाऱ्या एलईडीच्या दिव्यांनी. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. तापलेल्या समुद्रात मासळीची सोसण्याची ताकद कमी होते. म्हणून जी मासेमारी चांगल्या वर्षी चालून जाते, ती तापलेल्या वर्षी मारक ठरते. समुद्र निवण्याला पिढ्या लागतील, त्यासाठी जगाला कोळसा आणि तेल सोडावं लागेल. पण तापलेल्या वर्षी लहान मासा मारायचा की नाही, हे या किनाऱ्यावरच ठरू शकतं.

राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आहे. हा चांगला नियम अजून बर्फाच्या पेटीपर्यंत पोचलेला नाही. १ जून ते ३१ जुलैची बंदी आहे, पण ती दरवर्षी तीच, समुद्र कसाही असो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासा कुठे लागेल याचा अंदाज देते, आणि सागरी उष्णतेच्या लाटांचा इशाराही देते. पहिली माहिती आपण लगेच वापरतो. दुसरीवरून आपण अजून काहीच ठरवत नाही. उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की ठरावीक दिवस लहान आसाची जाळी बंद, आणि त्या दिवसांची भरपाई नौकामालकाबरोबर खलाशाला, त्यात नेपाळहून येऊन आपल्या नौकांवर राबणारी मुलंही आली, आणि मासळी विकणाऱ्या बाईला, अशी व्यवस्था व्हावी, असं माझं मत आहे.

त्यासाठी बंदरावरच्या नोंदी लागतील. उपग्रहाला पाण्याचा वरचा पापुद्रा दिसतो. बांगडा किती वाव खोलीवर लागला, अंड्यावर होता का, हे तांडेलालाच ठाऊक असतं. म्हणून उद्याच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक मोठ्या बंदरावर मराठीत एक नोंदवही असावी. तिच्यात तारीख, जाळ्याचा प्रकार, खोली, पाण्याचं तापमान, निवडक जातींच्या माशांची लांबी, अंड्यावर आहेत की नाहीत, आणि सुकवताना गेलेला माल, एवढे रकाने असावेत. ती मच्छीमार सोसायटीने ठेवावी, जवळच्या महाविद्यालयाने तपासावी, आणि दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तिचा गोषवारा गावासमोर वाचला जावा. कुठल्या बंदरावर कोणत्या जाती मोजायच्या, याबाबत नाखवा मंडळींनी आणि सुकवणाऱ्या भगिनींनी आज रात्रीपर्यंत आपल्या सूचना कार्यवाहांकडे लिहून द्याव्यात. लिहायला कोणी हवं असेल तर विद्यार्थी स्वयंसेवक मंडपाच्या दाराशी बसले आहेत.