जखम दिसत नाही म्हणून

(गिरगावातील महिलांच्या आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं रुग्णांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. हृदयाच्या झडपेवर मी बोलणार म्हटल्यावर काहीजणींच्या भुवया वर गेल्या, त्या मला इथूनही दिसल्या. (हशा)

सोनोग्राफी आपल्यातल्या बहुतेकींनी करून घेतली आहे. पोटावर थंडगार जेल आणि त्यावरून फिरणारं ते यंत्र. कानाला ऐकू न येणारा आवाज ते आत पाठवतं, परत येणाऱ्या आवाजावरून चित्र उमटतं. तेच छातीवर केलं की इको. आता भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा करतात, तसा हा आवाज झडपेवर गोळा केला तर? इथे भाजायचं नसतं. आवाज एकवटतो तिथे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या हादऱ्यांनी कॅल्शियम साचून कडक झालेली झडप थोडी नरम पडते. वरच्या कातडीवर ओरखडासुद्धा नाही.

ही कल्पित गोष्ट नाही. फ्रान्स, नेदरलँड्स आणि सर्बियातल्या ४० रुग्णांवर हा उपचार झाला, त्याची माहिती २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सगळे म्हातारे, थकलेले, सरासरी वय ८३. झडपेचं तोंड सरासरी ०.५८ चौरस सेंटिमीटर होतं, ते सहा महिन्यांनी ०.६४ झालं. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. तेव्हा हुरळून जाऊ नका. उद्या हे आपल्या दवाखान्यात मिळेल असं सांगायलाही मी आलेले नाही.

मी आले आहे ते वेगळ्याच कारणाने.

आपल्याकडे तरुण बायकांची झडप बिघडते ती म्हातारपणाने नव्हे. लहानपणी घसा धरतो, दाटीवाटीच्या खोलीत एकाचा दुसऱ्याला लागतो, अंगावर काढला जातो. त्यातून काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे सुजतात, बरे होतात. झडपेवर मात्र व्रण राहतो. पुढे ती आकसते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि कळतो तो बहुधा गरोदरपणात, कारण तेव्हा शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही.

परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयरोपण केलं, त्या काळात झडप मोकळी करायची तर छाती उघडावीच लागे. १९८२मध्ये जपानच्या डॉ. इनोऊ यांनी फुगा वापरला. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात न्यायची, झडपेत फुगा फुगवायचा, काढून घ्यायचा. मुंबईत हे आता नित्याचं आहे.

इथल्याच एका चाळीतली एक वहिनी. वय एकोणतीस, तिसरा मजला. पाणी भरताना धाप लागायची. सासूबाई म्हणायच्या, आमच्या वेळी आम्ही दोन-दोन हंडे चढवत होतो. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला. सहाव्या महिन्यात रात्री आडवं होता येईना, तेव्हा कुठे इको झाला. पोटावर शिशाचं आवरण घालून फुग्याने झडप उघडली. तिसऱ्या दिवशी ती घरी.

आणि चौथ्या दिवशी ओट्यापाशी.

मी भेटायला गेले तेव्हा भाकरी थापत होती. सासूबाई वाईट नाहीत हो. त्यांनी मला सरळ विचारलं, “टाका तर एकही नाही, मग झोपून कशाला राहायचं?” वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “ताई, डॉक्टरांना एखादी जखम तरी करायला सांगायची होती. घरात दाखवायला.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नवऱ्याच्या काकांची बायपास झाली होती. छातीवर वीतभर व्रण. त्यांना तीन महिने कुणी ग्लास उचलू दिला नाही. विज्ञान कापाकापी कमी करत चाललंय, ते उत्तमच. कमी वेदना, कमी रक्त, कमी खर्चाचे दिवस. पण बाईच्या वाट्याला विश्रांती येते ती जखमेच्या मापाने. फुग्याच्या वेळी सुईएवढी खूण तरी राहते. आवाजाने झडप उघडेल तेव्हा दाखवायला तीही नसेल.

आणि झडप उघडली म्हणजे आजार संपला असंही नाही. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. मधूनमधून इको, कारण झडप पुन्हा आकसू शकते. इंजेक्शन चुकतं ते निष्काळजीपणाने नाही. धाकट्याला शाळेतून कोण आणणार, म्हणून चुकतं.

मी त्या डॉक्टरांकडे परत गेले. घरी जाण्याच्या कागदावर औषधं होती, बाकी सगळं इंग्रजीत ‘विश्रांती घ्या’ एवढंच. म्हटलं, बादली, हंडा, जिने किती दिवस नाही, ते मराठीत लिहून द्या. त्या हसल्या, पण लिहून दिलं. खाली सही, शिक्का. वहिनीने तो कागद कालनिर्णयशेजारी खिळ्याला लावला.

परवा गेले होते. पाणी दीर भरतो. कागदावरची मुदत कधी संपते, ते सासूबाईंनी कालनिर्णयवर गोल करून ठेवलंय.