वीज गेली तेव्हा
(इतवारी, नागपूर येथील सभेत दिलेले भाषण)



३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहराची वीज गेली. इतवारीत वीज गेली तर आपण मेणबत्ती लावतो. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात मात्र काही मुलांची हृदयेच भिंतीतील विजेवर चालत होती. हृदयातील जन्मजात छिद्र शिवताना ठोक्याची आज्ञा वाहून नेणारा मार्ग कधी कधी दुखावतो. मग हृदयाला तार जोडून बाहेरच्या यंत्राने ठोके द्यावे लागतात. त्या अंधारात एक बालक दगावले, असे अर्ल बेकन यांनी पुढे नमूद केले आहे.

हे बेकन डॉक्टर नव्हेत. युद्धात रडार शिकविलेला हा विद्युत अभियंता. १९४९ साली एका नातलगासह गॅरेजमध्ये त्यांनी रुग्णालयांची यंत्रे दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर! शल्यवैद्य लिलेहाय यांनी त्यांनाच गाठले. बेकन यांनी एका मासिकात छापलेली, गायकाला ताल देणाऱ्या यंत्राची आकृती काढली, थोडी बदलली, आणि सुमारे चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, तळहातावर मावेल एवढी पेटी तयार केली. ती कुत्र्यावर तपासण्यासाठी प्रयोगशाळेत दिली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो पेटी एका मुलीच्या हृदयाला जोडलेली! लिलेहाय थांबावयास तयार नव्हते. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि ते नियम योग्यच आहेत. परंतु वीज पुन्हा गेली असती तर त्या मुलीने काय करावयाचे होते?

शल्यवैद्याचे नाव होते, तारा जोडणारा मागे राहतो. बेकन राहिले नाहीत. त्यांची कंपनी जगभर पसरली. १९५८ सालीच स्टॉकहोममध्ये असे यंत्र प्रथम शरीराच्या आत बसविले गेले.

मग प्रश्न उरला तो किमतीचा. हृदय मंदावलेला हमाल हे यंत्र कोठून आणणार? मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयाने एक वाट काढली. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून, नातलगांच्या संमतीने काढलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून तेथील गरीब रुग्णांना बसविण्यात आले. अमेरिकेत वापरलेले यंत्र दुसऱ्यास बसविण्यास मनाई आहे. येथे मात्र यंत्र मिळणार की काहीच मिळणार नाही, असा सवाल होता. ५३ रुग्णांचा हा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. कोणालाही यंत्रामुळे जंतुसंसर्ग झाला नाही, एकही यंत्र बंद पडले नाही.