हवेत राहिलेला सॅल्यूट



आपल्या बोलण्यात ‘सलाम’ या शब्दाला फारसा मान उरलेला नाही. सलाम ठोकतो तो लाचार, उठताबसता मुजरे करतो तो हुजऱ्या. मंगेश पाडगावकरांची ‘सलाम’ ही कविता ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तर या शब्दाला चिकटलेली भीती वेगळी सांगायला नको. त्यामुळे सैन्यातला सॅल्यूटही पुष्कळांना त्याच जातीचा वाटतो: खालच्यानं वरच्यापुढे वाकायचं. मी आयुष्याची पंचवीस वर्षं पायदळात काढली आहेत. सॅल्यूट करताना कुणी वाकत नाही. मान ताठ असते, नजर समोरच्याच्या नजरेला भिडलेली असते आणि पलीकडून उत्तर आल्याशिवाय तो पुरा होत नाही.

रीत साधी आहे. कनिष्ठानं आधी हात उचलायचा, ज्येष्ठानं उत्तर द्यायचं. भूदलात पंजा उघडा, बोटं जुळलेली, समोरच्याला तळहात दिसेल असा. नौदलात तळहात जमिनीकडे. डांबरानं, ग्रीसनं माखलेले हात समोर दिसू नयेत म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. हवाई दलाचा सॅल्यूट पूर्वी भूदलासारखाच होता, २००६ साली त्यांनी पंजा ४५ अंशांत वळवला. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर आपल्या भूदलात हात उचलत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात.

या सगळ्याचं हाताला लवकर वळण पडतं. मनाला वळण पडायला वेळ लागतो. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत कवायत शिकवणाऱ्या ज्या उस्तादानं टाच नीट वाजली नाही म्हणून पुन्हा पुन्हा मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तोच कमिशनच्या दिवशी सामोरा येतो आणि खाडकन सॅल्यूट करतो. आईवडिलांनी खांद्यावर दोन तारे लावलेले असतात त्याला अजून काही मिनिटंच झालेली असतात. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला तेव्हा संकोच वाटतो. उस्तादाला वाटत नाही, कारण तो त्या पोराला सॅल्यूट करतच नसतो. राष्ट्रपतींनी दिलेलं कमिशन त्या खांद्यावर आलेलं असतं, मान त्याला असतो.

मला याचा अर्थ पुरता कळला तो पलटणीत आल्यावर. थंडीचे दिवस होते, सकाळची घाई. उजव्या हातात फायलींचा गठ्ठा घेऊन मी क्वार्टर गार्डवरून ऑफिसकडे चाललो होतो. संत्रीनं रायफलीवर हात मारून सॅल्यूट केला. मी मान हलवली आणि पुढे गेलो.

संध्याकाळी रोल कॉल संपला तेव्हा आमच्या कंपनीचे सुभेदार मागे थांबले. वयानं जवळजवळ माझ्या वडिलांएवढे. आधी त्यांनी कडक सॅल्यूट केला, मी उत्तर दिलं, मग हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, सकाळी गार्डवरच्या पोराचा सॅल्यूट हवेतच राहिला.”

मला आठवेना. त्यांनी आठवण करून दिली. “थंडीत उभं होतं पोरगं. त्यानं त्याचं काम केलं. आपलं राहिलं.” थोडं थांबून म्हणाले, “फायली डाव्या हातात घेत चला साहेब. उजवा मोकळा लागतो.”

एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मी बराकीत जाऊन त्या मुलाला शोधलं आणि काल माझं चुकलं, असं सांगितलं. तो गोंधळला. सावधान उभा राहिला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिला. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

पलटणीत सुभेदाराला अधिकारीसुद्धा ‘साहेब’ म्हणतात. सॅल्यूट खालून वर जातो आणि ‘राम राम, साहेब’ हे वरून खाली येतं; पलटण या येण्याजाण्यावर उभी असते. कानाला मोबाइल लावून, दोन बोटं कशीबशी कपाळाकडे नेऊन उत्तर देणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. मला ते सहन होत नाही. कनिष्ठाचा हात ढिला पडला तर त्याला विचारणारे दहाजण असतात. ज्येष्ठाला सहसा कुणी विचारत नाही. मला विचारणारे ते सुभेदार भेटले, हे माझं भाग्य.

एका ठिकाणी मात्र हा क्रम उलटतो. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी आली की आत शिपाई असला तरी जनरल आधी हात उचलतो. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांनी हे पाहिलं आहे. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो, रायफलींच्या नळ्या जमिनीकडे वळतात आणि गावातली माणसं श्वास धरून उभी राहतात.

असाच एक सॅल्यूट साऱ्या देशानं पाहिला, २८ जुलै २०१५ ला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं पार्थिव दिल्लीत पालम विमानतळावर आणलं होतं. मार्शल अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून आले. वय ९६. १९६५ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख, आणि पाच ताऱ्यांचा हुद्दा मिळालेले त्या दलातले एकमेव अधिकारी. कलाम त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पण राष्ट्रपती म्हणून तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती राहिलेले. मार्शलनी बसल्या जागी हात उचलला असता तरी कुणाला त्यात उणं दिसलं नसतं. ते खुर्चीतून उठले, उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला.

मी घरी टीव्हीसमोर होतो. मीही उठलो. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून नुसता सावधान उभा राहिलो.