शाहू मिलमधली सकाळ



सरांनी बजावलंय, 'पाच मिनिटं बोल, आणि शाळेबद्दलच बोल.' मी बोलणार आहे कोल्हापूरच्या शाहू मिलबद्दल. शाळेचा संबंध आहे, येतो तिथं.

मे 2022 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं कृतज्ञता पर्व झालं. तेव्हा कोटीतीर्थाजवळची ही बंद मिल लोकांसाठी उघडली होती. मिरजेहून सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. ही लाईन 1891 ची. रेल्वेनं कोल्हापूरला जे काही जायचं, ते आपल्याच स्टेशनावरून. मिल 1906 ची. इतिहासाच्या पेपरात आपण 'महाराजांनी कापडगिरणी काढली' एवढं लिहून एक मार्क घ्यायचो आणि राधानगरीच्या धरणाकडं वळायचो.

आवारात प्रदर्शन होतं, गर्दी होती. मी बाजूच्या रिकाम्या खात्याच्या दारात जाऊन थांबलो. दगडी भिंती, उडालेलं छप्पर, फरशीतून वर आलेली झुडपं. यंत्र एकही नाही. 2003 ला मिल बंद झाली, त्यानंतर काय काय कुठं गेलं देव जाणे. पारव्यांचे पंख वाजत होते तेवढंच.

माझे मामा या मिलमध्ये साच्यावर होते. धोट्याच्या साच्यात धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडं फेकला जातो, आणि दर वेळी लाकडी दांडा त्याला ठोसा देतो. असे ओळीनं साचे, चारी बाजूंनी दगड. तिथं माणसं बोलत नसत. ओठ बघायची, हातानं खुणा करायची. वीस-पंचवीस वर्षांत कान जायचेच.

आता शाळा. आपण आठवीत असताना मामा मला भेटायला मधल्या सुट्टीत आले होते. शर्टावर कापसाची बारीक पिंज, हातात कांदाभज्यांचा पुडा. भर मैदानात ओरडून बोलत होते आणि आपण काही म्हटलं की, "आँ? आँ?" पुढं वर्षभर वर्गात तो 'आँ' चालला. समोर काही जण आत्ता मान खाली घालून हसतायत, मला दिसतंय. पण नक्कल सगळ्यांत चांगली मीच करायचो. बाईंनी एकदा विचारलं, ते कोण होते? मी म्हणालो, शेजारचे.

ते पुन्हा शाळेत आले नाहीत. मे महिन्यात मी त्यांच्याकडं जायचो, तेव्हा भोंगा झाला की मामी चहा टाकायची आणि मामा माझ्यासाठी फाट्यावर थांबून पेरू घेऊन यायचे. त्यांच्या कानावर काही गेलं होतं का, कळायला मार्ग नाही. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

या जागेवर महाराजांचं स्मारक व्हावं ही कोल्हापूरकरांची जुनी मागणी आहे. व्हावंच. माझी त्यात एकच भर आहे. एका खोलीत चार साचे बसवा, विजेवर चालू करा, आणि बघायला येणाऱ्या पोरांना दहा मिनिटं तिथं उभं करा. आपसात बोलायला सांगा.

पाच मिनिटं झाली. सर घड्याळ दाखवतायत.