लढाईच्या खेळातली गावकरीण

धारा काढून, भाकऱ्या थापून, आता कुठे टेकलेल्या सगळ्या ताई, मावशी, काकूंना माझा रामराम.

आज मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका! खेळ लढाईचा आहे, पण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

खेळाचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स', भाग दुसरा. अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टने १९९९ साली बाजारात आणला. आमच्या बचत गटाने हिशेबासाठी जुना कॉम्प्युटर घेतलाय, त्यावर माझ्या भाच्याने तो टाकून दिला. महिन्याची नोंद पूर्ण झाली की मी अर्धा तास खेळते. बायका हसतात. हसू देत.

हा खेळ जुन्या काळातल्या राज्यांचा. सुरुवातीला बहुतेक राज्यांना मिळतं काय? गावाची एक मुख्य इमारत, टेहळणीला एक घोडेस्वार आणि तीन गावकरी. किल्ला नाही, फौज नाही. हे गावकरी मेंढ्या आणतात, लाकूड तोडतात, सोनं-दगड खणतात, शेती करतात. नवा गावकरी हवा तर ५० धान्य मोजायचं. साधा शिपाई हवा तर ६० धान्य आणि २० सोनं. एक शेत करायला ६० लाकूड लागतं. त्यातून १७५ धान्य निघालं की शेत संपतं, पुन्हा लाकूड घालून पेरायचं. म्हणजे बी-बियाण्याचा खर्च तिथेही चुकत नाही!

नवखी पोरं आधी शिपाई उभे करतात. थोड्याच वेळात कोठार रिकामं होतं आणि फौज वाढायची थांबते. मुरलेला खेळाडू आधी गावकरी वाढवतो. आणि शत्रूवर चालून जातो तेव्हा किल्ल्याआधी त्याच्या शेतातली माणसं हेरतो. कारण हात थांबले की राज्य थांबतं.

खऱ्या इतिहासातही असंच होतं. फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध १३३७ पासून १४५३ पर्यंत चाललं. त्यात १३५५ साली इंग्लंडच्या राजपुत्राने दक्षिण फ्रान्समध्ये गावंच्या गावं जाळली, म्हणजे तिथल्या राजाला महसूल मिळू नये. याच युद्धातली जोन ऑफ आर्क या खेळात आहे. ती शेतकऱ्याची मुलगी, आईकडून सूतकताई आणि शिवण शिकलेली. १४२८ साली फौजेच्या भीतीने तिच्या गावातल्या लोकांना घरदार सोडून पळावं लागलं होतं. १४२९ मध्ये तिने ऑर्लिअन्स शहराचा वेढा उठवायला मदत केली आणि १४३१ मध्ये तिला जिवंत जाळलं. खेळात घर पडतं, माणूस मरतो आणि थोड्या वेळाने पडद्यावरून नाहीसा होतो. मुलं हे खेळत असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "अरे, त्या घरातल्यांचं काय झालं?"

आता मुद्द्याचं. १९९७ च्या पहिल्या भागात गावकरी फक्त पुरुष होते. दुसऱ्या भागात बायकाही आल्या. बाई आणि पुरुष दोघं तेच काम करतात, तेवढंच धान्य आणतात. आणलेलं सगळं पडद्यावर वरच्या बाजूला आकड्यात दिसतं. डाव संपला की हिशेब येतो: लढाईचे गुण वेगळे, धान्य-लाकूड गोळा केल्याचे वेगळे. कुणी रिकामं बसलं असेल तर त्याला शोधायलाही एक बटण आहे.

आपल्याकडे तसं आहे का? मागच्या महिन्यात आमच्या गटात कर्जाचे फॉर्म भरले. 'व्यवसाय' या रकान्यात एका ताईंनी लिहिलं, 'काही नाही'. त्यांच्या दारात तीन म्हशी आहेत. पहाटे चार वाजता उठून धार त्या काढतात, शेण त्या काढतात, वैरण त्याच आणतात. दूध डेअरीला जातं आणि पैसे मालकांच्या खात्यात जमा होतात. मी म्हटलं, "ताई, खोडा ते. 'पशुपालन' लिहा." त्या म्हणाल्या, "असं लिहिलेलं चालतं का?"

चालतं, मैत्रिणींनो. तेच खरं आहे.

खेळातही सगळं मोजलं जात नाही बरं का. तिथे ५० धान्य दिलं की २५ सेकंदांत धडधाकट माणूस बाहेर येतो. बाळंतपण नाही, पाणी भरणं नाही, आजारी सासूची उस्तवार नाही. ज्या कामावर सगळं उभं आहे, तेच तिथेही दिसत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीत एका दिवसाचं आपलं काम लिहा. काय केलं, किती वेळ लागला, आणि तेच काम मजूर लावून करून घेतलं असतं तर किती रुपये गेले असते. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील. मग तो आकडा घरात मोठ्याने वाचा. भांडायचं नाही, फक्त वाचायचं. आणि फॉर्म भरताना 'काही नाही' हे दोन शब्द पुन्हा लिहायचे नाहीत.

पुढच्या वेळी तुमच्या वहीतले आकडे ऐकायला मला आवडेल. काळजी घ्या. नमस्कार.