नाईक यशवंत घाडगे आणि शिपायाचे घर



कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे हे मराठा पलटणीत नाईक होते. ता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांची तुकडी कापून काढली. उभे राहिले ते हे एकटेच. त्यांनी हातबाँब फेकून मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसे भरण्यास सवड नाही म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानेच लोळविले. इतक्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. वय अवघे २२!

व्हिक्टोरिया क्रॉस विधवेच्या हाती आला. कबर नाही; कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे कोरले आहे. माणगावास पुतळा आहे, हार घालणारेही पुष्कळ. आम्ही विचारतो ते घराचे. क्रॉस एखाद्यास मिळतो. मरणाची तार शेकडो घरी आली, आणि ती वाचून घेण्यास बाईला दुसऱ्याची ओसरी गाठावी लागली. मागून भटजी हजर: प्रेत नाही, तर दर्भाचा पुतळा जाळा, दक्षिणा ठेवा! पोरगा सातासमुद्रापार लढावयास गेला तेव्हा धर्म आडवा आला नाही. मेल्यावर मात्र आला.

मायबहिणींनो, घरचा गडी आजही फौजेत असेल तर तो रजेवर आला असतानाच पेन्शनच्या कागदावर वारस म्हणून आपले नाव आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तेथे अर्जास दक्षिणा लागत नाही.